सव्वीस युनिट

डॉक्टरांनी आधी भिमीच्या तोंडाचा वास घेतला.

नाडी नंतर, डोळे नंतर. चार बायांनी टेम्पोतून उचलून आणलेली ती बाई टेबलावर पडली होती. लुगडं घामानं अंगाला चिकटलेलं, जीभ जड, डोळे उघडे पण कुणाकडेच न बघणारे. आणि डॉक्टर ओमकार तरे, वय वर्षं अठ्ठावीस, रोज कल्याणहून स्वतःच्या गाडीने येणारे, वाकले ते थेट तिच्या तोंडावर. हुंगलं, मागे सरले आणि म्हणाले, "घेतलीय का हिनं?"

"नाय वो सायब," भिमीची सून अंजू रडत म्हणाली. "साखरंची सुई घेतल्ये सकालची. खल्यावर भात झोडत व्हती. झोडता झोडता कायबी बडबडाय लागली न् पडली."

"झोडणीच्या दिवसांत खळ्यावर काय काय चालतं ते मला माहितीय," डॉक्टर म्हणाले.

जया सिस्टरने पुढचं ऐकलं नाही. बावीस वर्षं त्याच दवाखान्यात काढलेल्या बाईला सगळंच ऐकायची गरज नसते. तिने भिमीचं बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. मशीनने पाच सेकंदांत आकडा दाखवला. एकतीस. साखर सत्तरच्या खाली आली की धावायचं असतं. एकतीस म्हणजे माणूस एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून उभा.

"सर, एकतीस आहे," जया म्हणाली. "कृपया आपण जरा बाजूला व्हाल का? मला शीर शोधायचीय."

जयाला राग आला की ती फार सभ्य बोलायला लागते. घरी आईच्या तोंडून 'कृपया' निघालं की तिची दोन्ही पोरं चपला घालून बाहेर पडतात. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. ते नुसते बाजूला झाले.

ग्लुकोज हळूहळू शिरेत गेलं आणि कंदिलाची वात वर करावी तशी भिमी परत आली. तिने छत पाहिलं, जयाचं तोंड पाहिलं, आणि विचारलं, "भारे कुनी आत घेतले?"

भिमीचं वय पंचावन्नच्या आसपास. आसपास म्हणायचं कारण, तिच्या आधार कार्डावरची जन्मतारीख एक जानेवारी आहे, आणि त्या पाड्यातले सगळेच एक जानेवारीला जन्मलेत. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता सोडून अर्धा तास चढलं की तिचं घर. सहा वर्षांची मधुमेहाची जुनी पेशंट. गोळ्यांनी भागेना, वजन घटत चाललं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला डॉक्टर तऱ्यांनीच तिला इन्सुलिन लावलं होतं.

त्या दुपारी डॉक्टरांनी तिच्या कार्डावर लिहिलं, इन्सुलिन बंद, गोळ्या चालू.

"सर, गोळ्यांनी भागत नव्हतं म्हणून तर सुई लावली होती."

"सिस्टर, सकाळी सव्वीस युनिट, संध्याकाळी सोळा. एवढं टोचून बाई उपाशी कामाला जाते. उद्या मेली तर कुणाच्या नावावर? या लोकांच्या हातात द्यायचं औषधच नव्हे हे."

या लोकांच्या. ते दोन शब्द जयाने घरी नेले, भाकरीबरोबर चावले, पण गिळता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने भिमीचं कार्ड काढून पुढ्यात ठेवलं. आषाढात सुरुवात, सकाळी दहा युनिट, संध्याकाळी सहा. श्रावणात साखर साडेतीनशे, सकाळचे दहा झाले चौदा. भादव्यात साखर पावणेचारशे, चौदाचे झाले वीस. दसऱ्याआधी सव्वीस, संध्याकाळचे सोळा. चार नोंदी, पहिली सोडून तिन्ही ठिकाणी तेच वाक्य. साखर जास्त, डोस वाढवला. खाली डॉक्टरांची सही, आणि त्याच्याखाली औषध दिल्याची जयाची.

कार्डावर प्रश्न एकही नव्हता.

चुलीवर दूध ठेवलं आणि अर्धा तास जाळ घालूनही ते तापेना, तर कुठलीही बाई आणखी लाकडं सरकवत बसत नाही. ती वाकून चुलीत बघते. एवढं साधं. एका एमबीबीएसला आणि एका बावीस वर्षं जुन्या सिस्टरला चार महिने वाकायला झालं नाही.

बुधवारी जया पाड्यावर चढली.

भिमी अंगणात सुपाने भात पाखडत बसली होती. जयाला बघून तिने सूप थांबवलं नाही.

"आलीस व्हय. त्या तुझ्या डागतरानं माजं तोंड हुंगलं म्हनं. माज्या बापानं कदी हुंगलं नाय."

"हो. हुंगलं."

"न् तू काय केलंस?"

"बोट टोचलं तुझं."

"मंग बस," भिमी म्हणाली.

जया बसली. पाणी आलं, प्याली. मग तिने तो प्रश्न विचारला, जो विचारायला पाच सेकंदसुद्धा लागत नाहीत. मशीनला लागतात तेवढेही नाहीत.

"भिमीबाय, सुईची बाटली कुठे ठेवायचीस गो तू?"

"ती काय." भिमीने हनुवटीने आत दाखवलं. कारवीच्या कुडाला लागून पाण्याचं मडकं, त्याच्या बुडाशी ओली वाळू, वाळूत एक लहान गाडगं. "तितं. गार ऱ्हाती. पन ती आता दिवाळीपसून. आदी नाय. आदी आदेशच्या दुकानात ठेवायची."

"दुकानात? का?"

आता मात्र सूप थांबलं. भिमीने जयाकडे असं पाहिलं, जसं वर्गात पाढा विसरलेल्या बाईंकडे पोर पाहील.

"तूच सांगितलंस का नाय? फ्रीजमदी ठेव, भाईर ठेवलीस तर दवा मरंल. आमच्यात कुनाकं हाय फ्रीज? म्हनून खाली रोडला आदेशच्या पेटीत ठेवली. सकालची मी न् अंजू उतरायचो, सुई घ्यायची, चढायचं. दिवस कललं का परत उतरायचं. एक दिवस चुकवला नाय, इचार अंजूला. धो धो पाऊस आसला तरी."

जयाने मनात हिशेब केला आणि मध्येच सोडून दिला. अर्धा तास खाली, अर्धा तास वर, दिवसातून दोनदा, चार महिने.

"कुठल्या पेटीत?"

"त्या कुल्फीच्या. दगड व्हायची बाटली. मंग हातात चोलायची. ते बी तूच सांगितलेलं, घ्यायच्या आदी हातात फिरव म्हून. पातल होईस्तो फिरवायची मी. हात बदिर व्हायचे."

फ्रीजमध्ये ठेवा, हातात फिरवा, जेवणाआधी घ्या. एसटीच्या कंडक्टरने थांबे सांगावेत तसं ती हे वर्षानुवर्षं म्हणत आली होती, शेकडो जणांना, एका दमात, पुढच्या माणसाचा कागद हातात घेता घेता. या घरात ती पोलिओच्या डोसाला येऊन गेली होती, दोन बाळंतपणांना येऊन गेली होती. एक दिवा, एक चार्जर आणि कोंबड्यांचं खुराडं, एवढंच इथे आहे हे तिला पाठ होतं. तरी म्हणाली होती, फ्रीजमध्ये ठेव.

उठताना तिला भिमीचा पाय दिसला. डाव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं, त्याच्यावर माशा.

"काटा गेला," भिमी म्हणाली. "सुकंना झालाय."

जयाने फडकं सोडून पाहिलं. अंगठा ओला होता, कडेला काळसर पडायला लागला होता. साखर मोजली. तीनशे नव्वद. गोळ्या चालू होत्या, म्हणजे कागदावर सगळं व्यवस्थित होतं.

रस्त्यावर आदेशचं दुकान उघडं होतं. बिस्किटं, चिप्स, चहा. पावसाळ्यात मुंबईची माणसं धबधब्यात भिजायला येतात तेव्हा इथे उभं राहायला जागा नसते. आता एक कुत्रं तेवढं होतं. आइस्क्रीमची लांबलचक पेटी भिंतीकडे तोंड करून बंद पडलेली, वर कांद्याची पोती.

"काकू, भिमीआजी बरी हाय ना?" आदेशने जया दिसताच विचारलं. "मला लय वाईट वाटलं हो. पेटी बंद केली ना मी, सीझन संपला. मग तिला म्हटलं, आजी, आता घरीच ठेव. तसं काय झालं का त्याच्यामुळे?"

"पेटीत गोठायची का रे ती बाटली?"

"मग! सगळ्यात थंड जागा दिली होती तिला. पार तळाला, कुल्फीच्या खाली." आदेशचा चेहरा अभिमानाने फुलला. "एक रुपाया नाय घेतला, काकू. औषधाचं कसले पैसे घ्यायचे."

या पोराला काय बोलायचं? त्याने आपल्याकडची चांगल्यातली चांगली जागा दिली होती. भिमीने सांगितलेलं सगळं केलं होतं. जयाला वाटलं, यातला एक जरी आळशी निघाला असता तरी बरं झालं असतं.

इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. परत पातळ होतं, दिसायला तसंच दिसतं, पण त्यातला दम गेलेला असतो. चार महिने भिमी मेलेलं औषध टोचून घेत होती, आणि चार महिने डॉक्टर त्या मेलेल्या औषधाचा डोस वाढवत होते. मग पेटी बंद झाली. दवाखान्याच्या फ्रीजमधून निघालेली पहिली जिवंत बाटली थेट मडक्याखाली गेली. पहिल्या संध्याकाळचे सोळा युनिट खरे सोळा लागले. भिमीला वाटलं, थंडीताप भरला म्हणून घाम सुटलाय. सकाळी कोऱ्या चहावर सव्वीस. खरे सव्वीस. आणि मग खळ्यावर.

जयाने हे सगळं डॉक्टरांना सांगितलं, स्वतःची चूक आधी सांगून. ते ऐकताना त्यांचे डोळे चमकले.

"इंटरेस्टिंग केस आहे, सिस्टर. पुढच्या मंगळवारी शहापूरला इन्सुलिनचं ट्रेनिंग आहे ना आपलं, दोन्ही तालुक्यांचं. प्रत्येकाने एक केस आणायची आहे. हीच मांडतो मी."

"आणि तिचं इन्सुलिन, सर? अंगठा काळा पडतोय."

"आधी ट्रेनिंग तर होऊ दे."

म्हणजे अंगठ्याने थांबायचं. मंगळवारपर्यंत.

शहापूरच्या हॉलमध्ये चाळीसेक डॉक्टर आणि सिस्टर जमले होते. दाराशी सही केली की एक पिशवी, पिशवीत वही-पेन, शेजारच्या टेबलावर उपमा. शिकवायला मुंबईहून डॉक्टर रेश्मा आल्या होत्या. पन्नाशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या, घसा बसलेल्या. शिकवत होत्या ते सगळं बरोबर होतं. डोस कसा ठरवायचा, लाल टोपणाची सिरिंज कुठल्या बाटलीला, साखर उतरल्याची खूण काय. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, दारू प्यायल्यासारखी चाल. त्या वाक्याला जयाने डॉक्टरांकडे पाहिलं. ते वहीत लिहून घेत होते.

मग पडद्यावर चित्र आलं, इन्सुलिन कसं साठवावं. पांढराशुभ्र फ्रीज, दाराच्या कप्प्यात बाटली, शेजारी अंडी, खाली हिरवीगार ब्रोकोली. जया ते चित्र बराच वेळ बघत राहिली. तिच्या चौदा पाड्यांत मिळून तेवढी हिरवी ब्रोकोली आजवर कुणी पाहिली नव्हती.

जेवणानंतर केस मांडायच्या होत्या. डॉक्टर तरे नीटनेटके बोलले. रुग्ण स्त्री, वय पंचावन्न, आदिवासी पाडा. इन्सुलिन आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवत असे. हॉलमध्ये हशा पिकला. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत दोन ओळी होत्या. कारण: रुग्णाचा निष्काळजीपणा. उपाय: इन्सुलिन बंद.

"आमच्याकडं पण हेच," मागून कुणीतरी म्हणालं. "अडाणी लोक. काय सांगणार यांना?"

जया उभी राहिली. खुर्ची मागे पडली, ती तिने उचलली नाही.

"मॅडम, कृपया मला दोन मिनिटं द्याल का?"

"बोला ना."

"ती भिमीबाय माझी पेशंट. निष्काळजी म्हणताय तिला? तिला मी सांगितलं फ्रीजमध्ये ठेव. घरात फ्रीज नाही म्हणून ती रोज दोनदा डोंगर उतरली, ज्याच्याकडे थंड पेटी होती त्याच्याकडे ठेवली. सांगितलं हातात फिरव. बर्फ वितळेपर्यंत फिरवत बसायची, बोटं बधिर होईपर्यंत. सरांनी डोस वाढवला, तिने वाढवला. एक दिवस चुकवला नाही. इथे बसलेल्यांपैकी कुणी कुठलं काम चार महिने एक दिवस न चुकवता केलंय, मला सांगा. माझं तर नाही झालं. मी तिला विचारायला चुकले, बाई तुझ्याकडे फ्रीज आहे का. चार महिने चुकले. सर चार महिने चुकले. तीन वेळा साखर हलली नाही आणि तीन वेळा आम्ही नुसता आकडा खोडून वरचा आकडा लिहिला. ती पडली नाही, मॅडम. आम्ही पाडली. आणि आता शिक्षा तिलाच, औषध बंद."

डॉक्टर रेश्मांनी चष्मा काढला. "या हॉलमध्ये किती जणांनी आजवर पेशंटला विचारलंय, बाटली कुठे ठेवता म्हणून? हात वर करा."

हात वर आले पाच. त्यांतला एक पाण्याची बाटली मागणारा निघाला.

"आणि माझ्या स्लाइडवर ब्रोकोली आहे," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. मग जयाला विचारलं, "आता काय परिस्थिती आहे तिची?"

"काल साखर चारशे बारा. वजन अडतीस किलो. अंगठ्याची जखम ओली, कड काळी."

"डॉक्टर तरे, मग वाट कसली बघताय? इन्सुलिन नाही मिळालं तर पाय जाईल तिचा. जुना डोस विसरा, तो खोटा होता. नवी पेशंट समजून सुरू करा. सकाळी आठ, संध्याकाळी चार, आणि तीन दिवसांनी बघून पुढे. बाटली त्या वाळूच्या गाडग्यातच राहू दे, उत्तम आहे ते. जखमेला मलमपट्टी, अँटिबायोटिक. उद्या. तुम्ही स्वतः जाऊन. आणि तिथून मला फोन करा."

चार वाजता सगळ्यांची लेखी परीक्षा झाली. डॉक्टर तऱ्यांना वीसपैकी वीस मिळाले.

परतताना जया त्यांच्याच गाडीत होती, दुसरी सोय नव्हती. दोन्ही बाजूंना कापलेली भाताची खाचरं, कडेने पेंढ्याचे ढीग.

"चारचौघांत मला खाली मान घालायला लावलीत, सिस्टर."

"खाली बघितलंत तर तिचा पाय दिसेल, सर."

डॉक्टरांनी गिअर असा बदलला की गाडी कण्हली. "मला आधी केबिनमध्ये सांगता आलं असतं."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, इंटरेस्टिंग केस आहे."

"तुम्हाला माहितीये, माझ्याकडे ओपीडीला रोज दीडशे माणूस असतं. एकेकाला बाटली कुठे, फ्रीज कुठे, विचारत बसू?"

"नका विचारू," जया म्हणाली. आवाजातला सगळा सभ्यपणा संपला होता. "मग डोस पण नका वाढवू. आकडा लिहायला वेळ मिळतो तुम्हाला. मलाही मिळतो. त्याच वेळात विचारून होतं."

तिला उतरवताना डॉक्टर समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "सकाळी साडेसहाला दवाखान्यात या. मी येतो."

सकाळी ते खरंच आले. पायात ऑफिसचे काळे बूट. चढावर दोनदा घसरले. जयाने हात दिला नाही. राग होता, आणि दुसऱ्या हातात औषधांचा डबाही होता.

भिमीने दोघांना ओट्यावर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको."

"आजी, पण पाय..." डॉक्टर म्हणाले.

"तुमी चार म्हैने टोचलंत, फरक नाय. मंग येकदा टोचलंत न् मी मरत व्हते. आता म्हनता परत टोच. मी काय भाताची पेंडी हाय, कुनीबी या न् झोडा?"

जया ओट्यावरून उतरून खाली तिच्यासमोर बसली. "भिमीबाय, चूक आमची होती. फ्रीज म्हटलं ते मी. तुझ्याकडे नाही हे दिसत असून म्हटलं. आणि आकडा वाढवत गेले ते हे सर. तुझी काहीएक चूक नव्हती. आता आठच युनिट आहेत, सव्वीस नाहीत. घेतलं नाहीस तर अंगठा जाईल, मग पाय. ही भीती घालत नाही, खरं सांगत्ये."

"तू सांगत्येस," भिमी म्हणाली. "हा काय सांगतो?" आणि डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "आकडा मी वाढवला होता. न विचारता. माझी चूक झाली."

अंजू कुडाआडून बघत होती. भिमीने लुगड्याचा काष्टा नीट केला, विचार केला.

"घेते. पन तू इतंच थांबायचं. मी पडत्ये का ते बगायला तू हवास. शिस्टर नको, तू. दुपारपरत."

"दुपारपर्यंत? आजी, माझी ओपीडी..."

"मंग नको."

डॉक्टरांनी जयाकडे पाहिलं. जयाने पाड्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला, रेंज नव्हती, परत ठेवला. "बरं. थांबतो."

अंजूने वाळूतलं गाडगं आणलं. बाटली हातात फिरवली, सिरिंज उघडली. ती आठच्या रेषेवर औषध भरणार, एवढ्यात डॉक्टर म्हणाले, "एक मिनिट. आजी, सकाळी खाल्लं काय?"

"चा."

"आणि भाकरी?"

"ती खल्यावर. दाह्याला. अंजू घिऊन येती."

"रोज असंच?"

"झोडनी आसली का आसंच. लावनीला बी आसंच. भाकर थापाय सकालची कुनाला सवड हाय?"

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. सव्वासात. जेवणाआधी अर्धा तास, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. या घरात जेवण तीन तासांवर होतं, आणि त्या तीन तासांत ही बाई भारे आपटणार होती.

"मग सुई पण खळ्यावर," ते म्हणाले. "आत्ता नको. भाकर पुढ्यात आली की मग. भाकर नाही तर सुई नाही. अंजू, समजलं? आणि गुळाचा खडा कायम कनवटीला. हात कापले, घाम सुटला, की आधी गूळ तोंडात, मग बाकीचं."

जयाने ते ऐकलं. हे कालच्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. चांगलं वाटलं का? वाटलं. आणि त्याच क्षणी पुन्हा संताप आला. दोन प्रश्न. एवढ्याशा दोन प्रश्नांसाठी एका बाईला एकतीसवर जावं लागलं.

"चला मंग," भिमी उठली.

"कुठे?"

"खल्यावर! गरवं भात पडलंय झोडायचं. मी काय वट्यावर बसून पडत्ये व्हय? काम करताना पडले व्हते, तर काम करतानाच बग."

खळं दोन खाचरं ओलांडून होतं. डॉक्टर बांधावरून हात पसरून चालले, तारेवरच्या डोंबाऱ्यासारखे. खळ्यावरच्या बाया आधीच कामाला लागल्या होत्या. त्यांनी पाहुणा ओळखला आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"आगो, ह्योच का तो हुंगनारा?"

"बसा सायब, बसा. पेंढ्यावर बसा. खाज सुटंल थोडी."

दहाला भाकर आली, वर तीळकुटाची चटणी. अंजूने आठ युनिट भरले, डॉक्टरांनी रेषा डोळ्यांजवळ नेऊन तपासली, भिमीने पोटाला टोचून घेतलं आणि भाकर मोडली. साखर आधी तीनशे अठ्ठ्याण्णव होती. जयाने अंगठा धुऊन पट्टी बांधली, वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट केली. मग भिमीने भारा उचलला आणि फळीवर आपटायला लागली.

साडेअकराला मशीनने तीनशे दहा दाखवलं. डॉक्टर हसून म्हणाले, "उतरतीय. हळूहळू, अशीच हवी."

जया हसली नाही. "आपल्या दवाखान्याचे इन्सुलिनवाले आणखी अकरा आहेत, सर. उद्या कमळूकडे जाऊ."

"त्याच्याकडे फ्रीज आहे?"

"माहीत नाही मला," जया म्हणाली. "तीच तर बोंब आहे. बावीस वर्षं झाली आणि मला माहीत नाही."

एका म्हातारीने डॉक्टरांच्या पुढ्यात पेंढा टाकला. "नुसता बसून काय ऱ्हायलास रे बाबा, ह्यो पलीकडं तरी टाक." ते उठले, पेंढा उचलला, पलीकडे नेऊन टाकला. दुसरा उचलला. शर्टाला कुसळं लागली.

सूर्य डोक्यावर आला. पुन्हा बोट टोचलं, दोनशे चौऱ्याऐंशी. भिमीचा हात स्थिर होता, कपाळावरचा घाम उन्हाचा होता. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, अंग झटकलं आणि हळूच विचारलं, "आजी, दुपार झाली. निघू का आता?"

भिमीने भारा फळीवर आपटला. दाणे उडाले.

"आजून तीन भारे हायेत," ती म्हणाली. "बस."

डॉक्टर बसले.